पावसाचं पाणी ड्रममध्ये साठवायचंय? मग आधी ओव्हरफ्लोचं बघा

ड्रम आणला, पन्हळीच्या पाइपाखाली ठेवला, झालं काम, असंच वाटत असतं सगळ्यांना. मलाही वाटलेलं. पाइप कापून द्यायला प्लंबर बोलावला होता, त्याने सामान बघितलं, वर पन्हळीकडे बघितलं आणि पहिलाच प्रश्न टाकला, "ताई, भरल्यावर जास्तीचं पाणी कुठे सोडायचं?" मी म्हटलं, अहो दादा, दोनशे लिटरचा ड्रम आहे, भरूदे तर आधी. तो काही बोलला नाही, नुसता हसला. मग पहिला जोराचा पाऊस आला आणि अर्धा तास व्हायच्या आत ड्रम भरून भळाभळा वाहायला लागला, ते सगळं पाणी भिंतीच्या पायाशी, आणि चार दिवसांनी आतल्या खोलीत खालून हातभर ओल. म्हणून हे सगळं लिहितेय, आणि थोडं उलट्या क्रमाने लिहितेय.

आधी हिशोब, सोप्पा आहे. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की बरोबर एक लिटर पाणी होतं. छप्पर उतरतं असलं तरी उताराची लांबी धरायची नाही, छपराखाली जमिनीवर जेवढी जागा झाकली जाते तेवढीच मोजायची. समजा पन्हळीला लागलेला तुकडा ४ बाय ५ मीटरचा आहे, म्हणजे २० चौरस मीटर. त्यावर १० मिलिमीटर पाऊस पडला की २०० लिटर. थोडं उडून जातं, थोडं कौलात-पत्र्यात मुरतं, पन्हळीतून सांडतं, ते वजा करून १६०-१८० तरी हातात येतात. आणि १० मिलिमीटर म्हणजे काही मुसळधार नाही, एक बऱ्यापैकी सर आहे. तासाला ३० मिलिमीटरच्या वेगाने कोसळत असेल तर याच छपरावरून मिनिटाला १० लिटर येतात, वीस मिनिटांत ड्रम फुल्ल.

याचा अर्थ असा की पावसाळ्यात बहुतेक वेळ तुमचा ड्रम भरलेलाच असणार, आणि भरलेला ड्रम म्हणजे मधे ठेवलेला एक जाडा पाइप, वरून आलं ते बाजूने गेलं. त्यामुळे दोन गोष्टी. एक, बाहेर जाणाऱ्या पाण्याची सोय आत येणाऱ्या पाण्याएवढीच पक्की पाहिजे. दुसरी, पाणी वापरा. लोक ड्रम भरला की तो एफडीसारखा जपून ठेवतात आणि झाडांना नळाचं पाणी घालतात, मग पुढची सर येते आणि सगळी वाहून जाते. दोन सरींच्या मधे ड्रम जितका रिकामा कराल तितकं जास्त पाणी वर्षभरात तुमच्या कामाला येईल. (हे मला कळायला एक पूर्ण पावसाळा गेला.)

आता ड्रम. निळे प्लास्टिकचे २००-२२० लिटरचे ड्रम सगळ्यात सोयीचे. दोन प्रकार येतात, एक वरून बंद, फक्त दोन बुचं असलेला, आणि दुसरा पूर्ण झाकण निघणारा, ज्याला लोखंडी रिंगचा क्लॅम्प असतो. डोळे मिटून दुसरा घ्या. नळ बसवताना आत हात जातो, घासता येतो, आणि क्लॅम्प लावला की लहान मुलं झाकण उघडू शकत नाहीत, हा मुद्दा फार महत्त्वाचा आहे, उघडा भरलेला ड्रम लहान मुलासाठी विहिरीपेक्षा कमी नाही. ड्रम जुना वापरलेला असेल तर त्यात आधी काय होतं ते विचारा, आणि समोरच्याला नीट सांगता आलं नाही तर घेऊच नका. खाण्यापिण्याच्या मालाचा चालतो. कीटकनाशक, ॲसिड, रंगाचं थिनर, ऑइल असलं काही असेल तर कितीही धुतला तरी नको, प्लास्टिक ते शोषून घेतं आणि हळूहळू पाण्यात सोडत राहतं. एक साधी टेस्ट आहे, तांब्याभर पाणी टाकून झाकण लावून दिवसभर उन्हात ठेवायचा आणि संध्याकाळी उघडून वास घ्यायचा. नाक बरोबर सांगतं.

पारदर्शक किंवा पांढरट टाकी असेल तर आत शेवाळ धरणार म्हणजे धरणार, कारण उजेड आत जातो. बाहेरून गडद रंग मारा, किंवा शेडनेट गुंडाळा, किंवा वेल चढवा. निळ्या ड्रमातूनही थोडा उजेड जातोच, म्हणून शक्यतो सावलीची बाजू बघा.

जागा आणि बैठक. इथे आळस केलात की पुढे रडाल. २०० लिटर पाणी म्हणजे २०० किलो, वर ड्रमचं वजन वेगळं, म्हणजे तीन मोठी माणसं एकाच फरशीवर उभी आहेत असं समजा. मी पहिल्यांदा मातीवर सुट्या विटा रचून ठेवलेला. कोरडी माती एकदम दगडासारखी होती, छान वाटलं. पावसात तीच माती लोण्यासारखी झाली, एका बाजूच्या विटा खचल्या आणि सकाळी बघते तर ड्रम भिंतीला टेकून उभा, पाइप वाकडा. भिंत होती म्हणून वाचला, नाहीतर आडवाच. तर आधी माती चोपून घ्या, त्यावर खडी किंवा क्रश पसरून परत चोपा, त्यावर पेव्हर किंवा मोठी फरशी, आणि त्यावर काँक्रीटचे ब्लॉक. विटाच वापरायच्या तर सुट्या नको, सिमेंटमधे बांधा. लेव्हल सगळ्या बाजूंनी तपासा. उंची साधारण ४०-४५ सेंटिमीटर ठेवा, नळाखाली झारी किंवा बादली आरामात बसली पाहिजे, घरातली झारी नेऊन मोजा सरळ. त्याहून फार उंच करू नका, आणि भिंतीला पट्टा मारून बांधून टाका.

गॅलरीत किंवा गच्चीवर ठेवायचा विचार असेल तर थांबा जरा. ड्रमचा तळ पाव चौरस मीटरच्या आसपास असतो, म्हणजे तेवढ्या जागेवर चौरस मीटरला जवळजवळ ८०० किलोचा दाब. घराचे स्लॅब साधारण चौरस मीटरला २०० किलोच्या आसपास वापराचा भार धरून डिझाइन करतात, तो भार सगळ्या खोलीत पसरलेला धरतात हे खरं, म्हणून एक ड्रम ठेवला की लगेच काही होतं असं नाही, पण बाहेर लटकणाऱ्या गॅलरीच्या टोकाला भरलेला ड्रम मी तरी ठेवणार नाही, आणि तीन-चार ठेवायचे तर इंजिनिअरला दाखवल्याशिवाय नाही.

नळ बसवणं. हे घरी जमतं, फक्त घाई नको. अर्ध्या इंची नळाचा वैताग येतो, ड्रममधे पाणी कमी झालं की धार करंगळीएवढी होते, म्हणून पाऊण इंची घ्या आणि फिरवत बसायच्या नळापेक्षा पाव फेरीत उघडणारा बॉल व्हॉल्व्हवाला घ्या. तळापासून ८-१० सेंटिमीटर वर खूण करा. अगदी तळाशी नको, खाली गाळ बसतो आणि तो नळात येऊन अडकतो. टँक निपल (ड्रमच्या भोकात बसणारा, नळ जोडायचा आट्यांचा तुकडा) त्याचं माप हातात ठेवूनच होल सॉ (ड्रिलला लावायची, गोल भोक पाडणारी करवत) निवडा, निपल जरा दाबून आत जाईल इतपतच भोक हवं. भोक पाडलं की कडेला प्लास्टिकचे तंतू राहतात, ते ब्लेडने खरवडून बोट फिरवून बघा, बोटाला खडबडीत लागलं तर तिथून गळणार. मग निपलच्या कॉलरला रबर वॉशर, ते आतून बाहेर काढायचं, बाहेरून दुसरा वॉशर आणि चेकनट (निपलवर आवळायचा चपटा नट). ड्रमची भिंत गोल असते ना, म्हणून वॉशर पातळ कडक नको, जाड आणि मऊ हवा, तो दबून गोलाईत बसतो. चेकनट हाताने घट्ट, मग पान्याने अर्धी फेरी, बास. जास्त पिळलं की वॉशर बाजूने फुगून बाहेर येतो आणि लोकांना वाटतं अजून घट्ट करायला पाहिजे, ते अजून पिळतात, अजून गळतं. टेफ्लॉन टेप निपल आणि नळाच्या आट्यांमधे लावायची, चेकनटवर लावून काही उपयोग नसतो, तिथे सील वॉशरच करतो.

बंद ड्रमच घरात असेल तर हात आत जाणार नाही, त्याला एक युक्ती आहे. वरच्या बुचातून एक लांब सुतळी आत सोडा, खाली पाडलेल्या भोकातून वायरचा आकडा घालून तिचं टोक बाहेर ओढा. वरच्या टोकाकडून वॉशर लावलेलं निपल सुतळीत ओवा, आटे खालच्या बाजूला आणि कॉलर वर, कॉलरच्या मागे एक मोठी गाठ, आणि बाहेरून हळूहळू ओढत न्या. दोन-तीनदा अडकेल, शिव्या येतील, मग पटकन भोकातून नाक बाहेर काढतं. एका हाताने धरून चेकनट चढवा आणि सुतळी कापा. निपल बुचाच्या तोंडातून जातंय की नाही ते मात्र भोक पाडायच्या आधी बघून घ्या.

पूर्ण भरायच्या आधी नळाच्या चार बोटं वर येईल एवढंच पाणी भरून तासभर ठेवा, खाली कोरडा कागद ठेवा. कागद ओला झाला तर तेवढंच पाणी काढून परत करता येतं, दोनशे लिटर ओतून द्यावे लागत नाहीत.

आता पहिलं घाण पाणी. पाऊस नसताना छपरावर धूळ, पक्ष्यांची विष्ठा, पाला, मेलेले किडे सगळं साठलेलं असतं आणि पहिली सर ते धुऊन आणते. ते ड्रममधे गेलं की आठवड्यात पाण्याला वास. छपराच्या दर चौरस मीटरमागे निदान अर्धा लिटर पाणी बाजूला काढायचं, म्हणजे २० चौरस मीटरला १० लिटर, छपरावर झाडाच्या फांद्या येत असतील तर दुप्पट. त्यासाठी उभ्या पाइपात ड्रमच्या आधी एक टी (तीन तोंडांचा जोड) टाकायची, टी-मधून आडवा फाटा ड्रमकडे आणि सरळ खाली जाणारा पाइप तळाशी एंड कॅप लावून बंद. ११० मिमीच्या पाइपात मीटरला आठ लिटरच्या थोडं वर पाणी मावतं, म्हणजे १० लिटरसाठी सव्वा मीटर पाइप झाला. आधी हा पाइप घाण पाण्याने भरतो, भरला की मगच वरचं बऱ्यापैकी स्वच्छ पाणी ड्रमकडे वळतं. एंड कॅपला खिळ्याएवढं छोटं भोक ठेवा, पाऊस थांबल्यावर पाइप हळूहळू रिकामा होतो आणि पुढच्या सरीला तयार. हे भोक गाळाने बुजतं मात्र, आणि बुजलं की पाइप भरलेलाच राहतो, मग तो असून नसून सारखा. म्हणून एंड कॅप आट्यांची घ्या आणि अधूनमधून उघडून गाळ झटका. हे सगळं करायचं नसेल तर अगदी साधा उपाय, ड्रमकडे जाणारा तुकडा सुटा ठेवा आणि पहिली दहा-पंधरा मिनिटं पाणी बाहेर सोडून मग हाताने जोडा. छत्री घेऊन जावं लागतं आणि रात्री दोनच्या पावसात कोणी जात नाही, म्हणून मी टी टाकली.

पाइप चिकटवायचं सोल्युशन लावताना एक लक्षात ठेवा, ड्रमच्या वरचा जॉइंट कधीच चिकटवू नका, नुसता दाबून बसवा. तिथे प्रेशर नसतं, गळत नाही, आणि साफ करायला ड्रम हलवावा लागतो तेव्हा करवत आणावी लागत नाही. पन्हळीचा उतार मीटरमागे ५ ते १० मिलिमीटर पुरतो. नसेल तर मधे डबकं होतं, आणि ते डबकं वरती कोणाला दिसत नाही, डासांना बरोबर दिसतं.

ओव्हरफ्लो, ज्याच्यावरून हे सगळं सुरू झालं. झाकणापासून ८-१० सेंटिमीटर खाली भोक, आणि पाइपाचा व्यास आत येणाऱ्या पाइपाएवढा. एवढा मोठा बसतच नसेल तर निदान ५० मिमी, आणि तोही लहान छपरालाच. मी अर्ध्या इंची नळी काढून ठेवली होती, मिनिटाला दहा लिटर येताहेत आणि नळीतून जाताहेत दोन-तीन, बाकीचं झाकणाच्या कडेने. पाइप भिंतीपासून लांब न्या, दीड-दोन मीटर तरी, जमीन जिकडे उतरते तिकडे. एखाद्या झाडाच्या आळ्यात, खडी भरलेल्या खड्ड्यात किंवा पुढच्या ड्रममधे सोडलं तर उत्तम. शेजाऱ्याच्या भिंतीकडे सोडू नका, पाण्यावरून झालेली भांडणं लवकर मिटत नाहीत.

दुसरा ड्रम जोडायचा तर दोन पद्धती. वरून जोडला, म्हणजे पहिल्याचा ओव्हरफ्लो दुसऱ्यात, तर पहिला भरल्यावर दुसरा भरतो, गाळ पहिल्यातच राहतो, पण नळ दोघांना वेगळे लागतात. खालून जोडले तर दोघांची पातळी सारखी राहते आणि एका नळावर काम होतं, मात्र दोन्ही बैठका एकाच लेव्हलला हव्यात आणि मधे एक व्हॉल्व्ह हवाच, नाहीतर एकाला गळती लागली की दोन्ही रिकामे. मला वरून जोडलेलेच बरे वाटतात.

डासांचं नीट वाचा. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाची मादी असल्याच साठवलेल्या पाण्यात अंडी घालते, आणि ती पाण्यावर नाही तर पाण्याच्या पातळीच्या जरा वर भिंतीला चिकटवते. ती अंडी कोरडी पडली तरी कित्येक महिने जिवंत राहतात, पाणी वर चढलं की फुटतात. ऊबदार हवेत अंड्यापासून डास व्हायला ७ ते १० दिवस पुरतात. म्हणजे नुसतं पाणी ओतून दिलं आणि भिंत घासली नाही तर काहीच केलं नाही असं समजा. आत येणाऱ्या पाइपाच्या तोंडाला जाळी, ओव्हरफ्लोच्या तोंडाला जाळी (ही हमखास विसरतात सगळे), आणि झाकणाला फट नको. जाळीचं छिद्र एक मिलिमीटरपेक्षा मोठं नको, स्टीलची असेल तर उत्तम, नायलॉनची उन्हाने तुटते आणि तुटलेली लांबून कळत नाही. ओव्हरफ्लोची जाळी पाल्याने भरली की पाणी परत झाकणातून, त्यामुळे पाला मुळात वरच, पन्हळीच्या तोंडाशी मोठ्या जाळीने अडवा. आणि इतकं सगळं घट्ट बंद केलंत तर हवेला एक छोटं भोक ठेवा, त्यालाही जाळी लावून. नाहीतर नळ सोडल्यावर हवा आत येत नाही, धार तुटक होते आणि पातळ ड्रम चक्क आत खेचला जातो.

वापराबद्दल. हे पाणी प्यायला नाही, स्वयंपाकाला नाही, दात घासायला पण नाही. दिसायला काचेसारखं असलं तरी पक्ष्यांच्या विष्ठेतले जंतू दिसत नसतात. छप्पर जुन्या ॲस्बेस्टॉसच्या पत्र्याचं असेल, डांबर मारलेलं असेल किंवा जुना शिशाचा रंग असेल तर भाज्यांनाही नको, शोभेच्या झाडांपुरतंच ठेवा. बाकी पालेभाज्यांना घालताना पानांवर न ओतता मुळाशी घाला आणि भाजी नळाच्या पाण्याने धुऊन घ्या. झाडांना मात्र हे पाणी फार मानवतं, क्षार नाहीत, क्लोरीन नाही, कुंड्यांच्या कडेला तो पांढरा थर येतो ना तो येत नाही. घरात फरशी पुसायला, गाडी धुवायला, पायपुसणी भिजवायला आणि संडासात बादलीने ओतायला, एका फ्लशला ६ ते ९ लिटर जातात तेव्हा तिथली बचत सगळ्यात मोठी. पाणी मृदू असल्यामुळे साबणाला फेस खूप येतो, पावडर निम्मीच टाका. पण घरातल्या नळाच्या लाइनला हा ड्रम कधीही जोडू नका, व्हॉल्व्ह टाकून सुद्धा नाही. पाणी उलटं गेलं तर प्यायच्या लाइनमधे जातं.

लांब पाइप लावून फवारा मारू म्हणत असाल तर जमणार नाही. एक मीटर उंचीला फक्त ०.१ बार प्रेशर मिळतं, नेहमीच्या ड्रिपला साधारण १ बार लागतं. झारी, किंवा जमिनीवर सरळ सोडलेली रुंद नळी, किंवा कमी प्रेशरवर चालणारे ड्रिपर, एवढंच. कुंड्यांना उन्हात दिवसाला दीड लिटर धरला तर तीस कुंड्यांना ४५ लिटर, म्हणजे एक ड्रम चार दिवस.

पावसाळ्याआधी एकदा आणि मधे एकदा ड्रम रिकामा करून आतून ब्रशने घासा, वरच्या कडेपर्यंत. साबण लागत नाही. पाण्याला कुजका वास आला तर पाला आत जाऊन सडलाय, जाळी कुठेतरी फाटलीय, ती आधी शोधा. पाऊस संपला की पाइपाचा सुटा जॉइंट काढून पन्हळीचं पाणी परत जुन्या वाटेने सोडा, ड्रम धुऊन वाळवून उलटा ठेवा. जिथे थंडीत पाणी गोठतं तिथे तर रिकामा करायलाच लागतो, बर्फ फुगून ड्रम आणि नळ दोन्ही फोडतो. नळ अर्धवट उघडा ठेवा. आणि उलट्या ड्रमाच्या तळाला जी खोलगट कड असते ना, तिच्यात अवकाळी पावसाचं वाटीभर पाणी साठतं, मला तिथे अळ्या सापडल्या होत्या, तर जरा तिरपा टेकवून ठेवा.